चौथ्या रकान्यातला माणूस

आमच्या महाडच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही अर्धा तास मैत्रीभावनेला बसतो. बाहेरगावाहून येणाऱ्या एका शिक्षकांनी ती शिकवली. डोळे मिटायचे आणि क्रमाने चार माणसांचं भलं चिंतायचं. पहिलं स्वतःचं, दुसरं आवडत्या माणसाचं, तिसरं नुसत्या तोंडओळखीच्या माणसाचं आणि चौथं, ज्याच्यावर राग आहे त्याचं. मग सगळ्या जगाचं. "खरी परीक्षा चौथ्याची," ते म्हणाले. "आणि माणूस जिवंत असावा." मी शाळेत मुख्य लिपिक आहे. कुणी चार गोष्टी सांगितल्या की लिहून घेते. वहीत चार रकाने आखले आणि 'जिवंत असावा' याच्याखाली रेघ ओढली.

चौथ्या रकान्यात लगेच लिहिलं: दादा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला आमचं गाव. तो आणि वहिनी तिथेच राहायचे, आई त्यांच्याकडे. आईच्या गोळ्यांची वेळवार यादी मी भिंतीला चिकटवून आले होते. दर महिन्याला तपासायला महाडला आणायचं, हेही खाली लिहिलं होतं. शेवटचे चार महिने दादाने तिला आणलंच नाही. विचारलं तर म्हणाला, "ती नको म्हणायची गो. गाडीत उलट्या होतात म्हणून रडायची. रडत्या म्हातारीला काय बांधून आणू?" आई गेली त्या दिवशी, अंगणात माणसं बसलेली असताना, मी त्याला म्हटलं, "तू मारलीस तिला." त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

पहिल्या रविवारी डोळे मिटून त्याचा चेहरा समोर आणला. चेहऱ्यामागे भिंतीवरची यादी दिसायला लागली. मी डोळे उघडले. घरी येऊन वहीत त्याच्या नावापुढे बाण काढला, पुढच्या आठवड्याकडे. पुढच्या रविवारी त्याच्या जागी शेजारी घेतला. तो पहाटे पाचला पाण्याची मोटर लावतो. त्याचं भलं इच्छिणं जमलं. मग आमचे मुख्याध्यापक, मग सिलेंडर खालीच टाकून जाणारा माणूस, मग जिन्यात चपलांचा ढीग लावणारी वरची बाई. सोबत बसणाऱ्या बायका हसायच्या. "ताई, तुमचे दुश्मन संपले की सांगा. आमच्या सासरचे भरपूर आहेत."

असे बाण काढत जवळजवळ तीन वर्षं गेली. मला वाटत होतं, आपली प्रगती चालली आहे. मोटर सुरू झाली तरी कपाळाला आठी पडत नव्हती. ज्यांच्यावर माझा खरा रागच नव्हता त्यांना मी माफ करत होते, एवढं साधं तेव्हा कळलं नाही.

गेल्या थंडीत एका बुधवारी वहिनीचा फोन आला. "बाय, तुझ्या दादाचा दम लय वाढलाय. एकदा येऊन जा."

"त्याने बोलावलंय?"

"त्याला कशाला विचारू? मी बोलवतेय."

तासाभराचा रस्ता. त्या संध्याकाळीही जाता आलं असतं. पण मनात राग घेऊन त्याच्या दारात जाऊ नये, आधी मन साफ करावं, असं मला वाटलं. रविवारी सकाळी दादाला चौथ्या जागी घ्यायचं, या वेळी काही झालं तरी. दुपारची एसटी पकडायची. वाटेत पोलादपूरला त्याच्यासाठी खारी घ्यायची. तसं लिहूनही ठेवलं. क्रम मला अगदी बरोबर वाटला होता.

शनिवारी दुपारी फोन आला, दादा गेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्च्या, फुलं, मेणबत्त्या, चहा, जेवण असं सगळं मी बघितलं. काही कमी पडलं नाही. माणसं गेल्यावर भांडी आवरताना वहिनीने विचारलं, "गुडघा कसा हाय?"

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. मी गावाला कळवलं नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"त्यांना महाडच्या बाजारात कळलं. तवापासून रोज सांजेला मेणबत्ती लावली की म्हणायचे, बायच्या गुडघ्याला आराम पडो. मी म्हणायची, अवो, ती तुमचं तोंड बघत नाय. तर म्हणायचे, तोंडाचं कोण बोलतंय, मी गुडघ्याचं बोलतोय."

"विहारात जायचा का?"

"कुठलं! वंदना पण धड येत नव्हती. मधेच अडले की माझ्याकडं बघायचे."

मी पातेलं घासत राहिले. ते आधीच घासून झालेलं होतं.

महाडला परत आल्यावर शिक्षकांना फोन करून विचारलं, दादाला आता चौथ्या जागी घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, "नाही ताई. मैत्री जिवंतांवर करायची असते. दुसरं कुणी घ्या." हे मला माहीत होतं. रेघ मीच ओढली होती.

रविवारी अजून जाते. सतरंजी अंथरते, अगरबत्ती लावते, डोळे मिटते. गुडघा जिना चढताना दुखतोच. चौथ्यापर्यंत मी पोहोचतच नाही. 'मी सुखी असो' हे पूर्वी अर्ध्या मिनिटात उरकायचे आणि पुढे सरकायचे. आता ते वाक्य पुरं होत नाही. अर्धा तास संपल्याची घंटा होते, तेव्हा मी पहिल्याच माणसापाशी बसलेली असते.