रिठदचा भटका ठिपका

“शुक्रवारी प्रोजेक्ट बंद करायच्या कागदावर सही तुम्हीच कराल,” डायरेक्टर मॅडम मला म्हणाल्या. शेजारी सायली बसली होती.

सायली आमची इंजिनिअर. पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीच्या उपग्रहावरचं रडार तिनं घडवलं होतं. माझं काम आर अँड डीच्या पैशाचं. संशोधनाला सगळा पैसा एकदम देत नाहीत. एक टप्पा पार पडला की पुढचा पैसा. त्या टप्प्याला आम्ही ‘गेट’ म्हणतो. या गेटची अट साधी होती. जमिनीवरची एक खूण रडारनं अचूक जागी दाखवायची.

खूण म्हणजे रिफ्लेक्टर. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडलेले. रडारचा सिग्नल तो आल्या वाटेनं परत पाठवतो आणि चित्रात पांढरा ठिपका उमटतो. आमचा रिफ्लेक्टर वाशीम जिल्ह्यात, रिठदच्या गौतमभाऊंच्या शेतात ठेवला होता. ठिपका मात्र शेतात दिसेना. प्रत्येक फेरीत तो गावाच्या कडेला. सायलीनं सगळं सॉफ्टवेअर पिंजून काढलं, तरी ठिपका तिथंच.

“आपण कुठं बघतोय हेच या रडारला कळत नाही. त्याच्यावर आणखी पैसे घालायचे?” मॅडमचा सवाल.

माझ्या डोक्याचा भुगा झाला. चूक असती तर थोडी तरी कमीजास्त झाली असती ना? दर वेळी तीच, तेवढीच? फोन केला की गौतमभाऊ म्हणायचे, “इथंच हाय साहेब, माह्या समोर.” शेवटी वैतागून मीच गाडी काढली.

दुपारी शेतात पोचलो. रिफ्लेक्टर ठरल्या जागी, दक्षिणेला, उपग्रहाच्या वाटेकडे तोंड करून चकचकीत उभा.

“रोज पुसतो,” गौतमभाऊ म्हणाले.

सायलीला फोनवर सांगितलं, सगळं जिथल्या तिथं आहे. ती “बरं” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मला तिचं फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा तेच समजेना.

गौतमभाऊंच्या घरी वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. दिवस कलल्यावर गौतमभाऊ “आलोच” म्हणून निघून गेले. मी निरोप घ्यायला थांबलो. थोड्या वेळानं त्यांची मोटरसायकल अंगणात शिरली. मागं शेजारचा माणूस बसलेला, आणि त्याच्या मांडीवर आमचा रिफ्लेक्टर. दोघांनी तो जिन्यानं स्लॅबवर चढवला. मी मागोमाग धावलो.

“भाऊ, हा इथं कसा?”

“रोजच आणतो. वावरातलं मोटारीचं केबल सोडत नाईत चोर, हे सोडतीन? सकाळी चहा झाला का नेऊन ठेवतो.”

“आणि इथंही तोंड दक्षिणेलाच?”

“तुमच्याच पोरायनं सांगतलं होतं, तोंड फिरवू नका. मंग काहून फिरवू?”

उपग्रह जायचा पहाटे, गौतमभाऊंच्या चहाच्या आधी. घर गावाच्या कडेला. ठिपका दिसायचा नेमका तिथं मी उभा होतो.

सायलीला फोन लावला. “तुझं रडार बरोबर आहे. रिफ्लेक्टर घरी झोपायला येतो.” पलीकडून आवाज आला, तो हसण्याचा की रडण्याचा ते मला कळलं नाही.

शुक्रवारी मी सही केली, पुढच्या टप्प्याच्या पैशावर. मॅडमनी विचारलं, “मग इतके दिवस आपण दुरुस्त काय करत होतो?”

हल्ली कोणाचा पैसा थांबवण्याआधी मी विचारतो, तुमची वस्तू रात्री कुठं असते? नवे इंजिनिअर गोंधळतात. गोंधळू देत.