कडी, कुरोड्या आणि वीस मिनिटांचं वावधन

आधीच कबूल करतो, या सदरात लिहायची माझी लायकी नाही. कॉलेजात असताना मी पैजेवर चौकातल्या उताऱ्याचं लिंबू उचललं होतं आणि त्याचं सरबत करून प्यायलो होतो. दोन दिवस पोट बिघडलं... पण त्यात भुताचा काही हात नव्हता, लिंबूच कुजकं होतं. इथले भुताखेतांचे अनुभव मी चहासोबत वाचतो, ते हसायला. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही.

आमचं घर नागपुरात, प्रताप नगरला. घरात आम्ही तिघं — मी, माझी बायको वैशाली आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. जिना घरातूनच गच्चीवर जातो. वर लोखंडी पत्र्याचं दार आहे आणि त्याला आतून आडवी कडी. ही कडी इतकी ढिली की करंगळीने सरकते. 'बदलून घ्या,' असं वैशाली चार वर्षं सांगते आहे आणि मी चार वर्षं 'या रविवारी' म्हणतो आहे.

गल्लीत मला 'हवामान खातं' म्हणतात. मोबाइलवर तीन ॲप आहेत, रोज सकाळी ग्रुपवर अंदाज टाकतो. मागच्या वर्षी शेजारच्या ठाकरे काकांनी माझ्या भरवशावर मुलीचा साखरपुडा हॉलऐवजी उघड्या लॉनवर ठेवला. ऐन जेवणाच्या वेळी मंडप जिलेबीवर येऊन बसला. काका अजून माझ्याशी बोलतात, पण आधी आभाळाकडे बघून.

तर मे महिना, रविवार. आईने पहाटेपासून खपून कुरोड्या घातल्या होत्या — तुमच्याकडे कुरडया म्हणत असतील. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून त्यावर पांढऱ्या चक्रांच्या रांगा. दुपारी ती मला म्हणाली,

"पाह्य बरं गा तुह्या मोबाइलात, आज पानी हाय काय?"

"काहीच नाही वं आई. तिन्ही ॲप झिरो सांगून राहिले. बिनधास्त वाळव."

"हवा बंद हाय गा. पान हलून नाई राहिलं."

"तुझं नाक मोठं का सॅटेलाइट मोठा?"

"सॅटेलाइट आला होता काय कुरोड्या घालाले?" म्हणाली आणि आत गेली. मी कूलरसमोर आडवा झालो.

चारच्या सुमारास उजेड बदलल्याने डोळे उघडले. खिडकीतून खोलीत पिवळा रंग आला होता, जुन्या पितळी डब्यासारखा. मग लांबून आवाज... एखादा कोळशाचा ट्रक रिकाम्या रस्त्यावरून यावा तसा. आणि एकदम धूळ. आमच्याकडे याला वावधन म्हणतात. वारा म्हणून त्याचा अपमान करायचा नाही.

वरचं दार धाडधाड आपटत होतं. मी जिना चढलो. डोळ्यांत माती गेलेली, समोरचं काही दिसत नव्हतं. तेवढ्यात आईचा आवाज आला. मला वाटलं, खालून, स्वयंपाकघरातून आला. शब्द कानावर आले ते असे: "दार... लाव... येऊन राहिलं!"

बरोबरच होतं की! वावधन येऊन राहिलं, दार लाव. मी दार लोटलं, कडी सरकवली आणि एखादा किल्ला राखल्यासारखा ऐटीत खाली आलो.

वैशाली समोर उभी. "अहो, आई कुठायत?"

"स्वयंपाकघरात."

"मी स्वयंपाकघरातूनच येतेय."

त्या क्षणी कानात अडकलेलं ते वाक्य मी पुन्हा ऐकलं. आई म्हणाली होती, "दार नोको लावू, मी येऊन राहिली." मधला 'नोको' वाऱ्याने नेला, 'मी' पण नेला. उरलं काय — 'राहिली' आणि 'राहिलं'. शेवटच्या एका स्वराचा फरक. जन्मभर ही भाषा बोलून मला तो फरक कळला नाही. माझी म्हातारी आई कुरोड्या उचलायला गच्चीवर गेली होती आणि मी तिला बाहेर ठेवून कडी लावली होती.

मी जिन्यावरून धावलो. आणि कडी सरकेना.

करंगळीने सरकणारी कडी, सांगतो! दोन्ही हातांनी ओढली. चप्पल काढून मारली. वैशालीने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणून दिला, त्याने मारली. पत्र्यावर खड्डा पडला, कडी जागची हलली नाही. बाहेर गारा सुरू झाल्या होत्या. पत्र्यावर असा आवाज, की आम्ही दोघं एकमेकांच्या कानात ओरडत होतो. मध्येच काहीतरी प्रचंड येऊन दारावर आदळलं. अख्खी भिंत हलली. त्यानंतर मी "आई" अशी हाक मारली आणि उत्तर आलं नाही.

त्या जिन्यावर मला काय आठवलं असेल? कोराडी. वडील तिथल्या वीज केंद्रात होते, आम्ही कॉलनीत राहायचो. मी आठ वर्षांचा असताना असंच वावधन आलं होतं. राख आणि धूळ मिळून पांढरा अंधार झाला होता. कॉलनीतली सगळी शहाणी पोरं घरात होती आणि मी डोक्यावर घमेलं घालून पडलेल्या कैऱ्या वेचायला गेलो होतो. वाट चुकलो, एका भिंतीला चिकटून रडत बसलो. त्या पांढऱ्या अंधारातून आई आली होती. पदर तोंडाला बांधलेला, पाय अनवाणी. तिने मला कसं शोधलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. घरी आणून आधी मला धुतलं, मग धुतलं — पहिलं पाण्याने, दुसरं लाटण्याने.

ती बाई बाहेर होती. आणि मी आत, बत्ता घेऊन.

वीस मिनिटं गेली. मग वारा असा थांबला, जसा कोणी पंख्याचं बटण बंद करावं. मी रडत, थकून कडीवर हात ठेवला... नुसता ठेवला. ती सरकली. लोण्यातून सुरी जावी तशी.

दार उघडलं आणि छातीसमोर पत्रा होता. ठाकरे काकांच्या गच्चीवरच्या शेडचा. आडवा येऊन चौकटीशेजारच्या भिंतीत रुतलेला, धार आतल्या बाजूला. मी दहा मिनिटांपूर्वी बाहेर पडलो असतो तर हा अनुभव दुसऱ्या कोणाला तरी लिहावा लागला असता.

पत्र्याखालून वाकून बाहेर गेलो. गच्ची गारांनी पांढरी झालेली. टाकीचं झाकण गायब, कुंड्या फुटलेल्या, शेजारच्या कडुलिंबाची अख्खी फांदी कठड्यावर. आणि या सगळ्याच्या मधोमध आई पाटावर बसलेली. तिच्याभोवती लुगडं, लुगड्यावर कुरोड्यांच्या रांगा. जशा सकाळी घातल्या होत्या, तशाच. एकही चक्र सरकलेलं नाही. लुगड्याची किनारसुद्धा उलटलेली नाही. लुगड्याच्या पलीकडे बोटभर अंतरावर गारांचा ढीग सुरू होत होता आणि अलीकडे गच्ची कोरडी होती. धूळ होती तिथे, कोरडी धूळ! मी हाताने चाचपून पाहिली. वैशाली दारातच थांबली. 

मी आईच्या पायाशी बसलो. तिचं डोकं, खांदे, हात चाचपले. अंगावरचं लुगडं कोरडं, केस कोरडे.

"आई वं... लागलं काय?"

"कायले लागते? तूच पाह्य, हात कसे करून घेतले." माझी बोटं बत्त्याने सोलली होती, मला पत्ताच नव्हता.

"मी कडी लावली वं आई. मीच लावली."

"मालूम हाय. आवाज आला मले. बरंच केलं."

"बरं काहून?"

"तो पत्रा येतानी दिसला मले. म्हटलं, हा पोट्टा आता दार उघडते अन् समोर येते. लहानपनापासून तसाच हाय, अक्कल नाई. मंग म्या वावधनाले म्हटलं, बापा, तुले काय न्यायचं ते ने, पन माह्या पोराले बाहेर नोको येऊ देऊ."

वैशालीने मागून विचारलं, "आणि आई, स्वतःसाठी काय म्हणालात?"

"माह्यासाठी?" आईला प्रश्नच कळला नाही. "माह्यासाठी काहून म्हणीन? काहीच नाई म्हटलं."

मिहानमध्ये, माझ्या ऑफिसात, एक इंजिनियर आहे. त्याने कागदावर आकृती काढून समजावलं. वाऱ्याच्या दाबाने दार कडीवर दाबलं गेलं, म्हणून कडी अडकली. मान्य. पाण्याच्या टाकीचा आडोसा मिळाला, म्हणून गारा चुकल्या. मी म्हटलं, टाकी पूर्वेला आहे आणि वावधनही पूर्वेकडूनच आलं असं धरलं, तरी आईच्या डोक्यावर तर आभाळच होतं ना? त्याने आकृती पुन्हा काढली. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाला, चहा घेऊ.

पण मला झोपू देत नाही ती आकृती नाही. त्याच रात्री वैशाली म्हणाली, "जिन्यावर तुम्ही सारखं काहीतरी ओरडत होतात."

"शिव्या देत असेन कडीला."

"नाही. हात जोडून. दाराला नाही, वर बघून. तुमच्या गावाकडच्या बोलीत होतं, इतकं भरभर की मला सांगलीच्या पोरीला एक शब्द कळला नाही. एवढंच कळलं की कोणालातरी विनवत होतात."

मला यातलं काही आठवत नाही. खरंच नाही. बत्ता आठवतो, गारांचा आवाज आठवतो, पण हात जोडलेले आठवत नाहीत. आईने माझ्यासाठी सांगितलं, ते कडीने ऐकलं, असं क्षणभर धरू. पण तिच्यासाठी तर तिने एक शब्द काढला नव्हता. मग लुगड्याच्या किनारीशी त्या गारा कोणाच्या शब्दाने थांबल्या?

मी आईला हे विचारलं. ती कुरोड्या डब्यात भरत होती. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "तुले मालूम नाई, तं मले कसं मालूम राहीन गा?"