होल्डवरची आरती

नांदेडची नोकरी सोडून मी ऑफिसांत फोन यंत्रणा बसवायचं काम स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते लातूरच्या मार्केट यार्डात शेतकऱ्यांचा माल विकून देणारे एक वयस्क आडते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांचं यंत्र नीट चाललं तर शेजारचे आडतेही घेणार होते. त्यांनी ते परत न्यायला लावलं तर मला नोकरी मागायला जुन्या साहेबापुढे जाऊन उभं राहावं लागणार होतं. त्यापेक्षा मी भाजी विकली असती.

दुकानात आप्पांच्या गादीवर, मुनिमांच्या टेबलावर आणि गोदामात फोन बसवले. आप्पांच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं, म्हणजे ते शेतावर असले तरी गादीचा फोन त्यांच्या हातात वाजेल. होल्डवर कोणतं संगीत ठेवू, असं विचारलं. माझ्याकडे बासरी होती, सतार होती. आप्पा पक्के शिवभक्त. महादेवाची आरती ठेवा, म्हणाले. गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून मी ठेवली.

दुसऱ्याच दिवशी ऐन सौद्याच्या वेळी सगळ्या लाइनी अडकल्या. मुनिमांनी फोन घेतला की आरती तुटायची आणि पलीकडचा शेतकरी नाराज व्हायचा. आरती अर्धी सोडू नये, आधी पुरी होऊ द्या, मग भावाचं बोलू, असं म्हणायचा. मुनीम बिचारे त्याला पुन्हा होल्डवर टाकायचे आणि आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. निलंग्याकडच्या एकानं तर स्पीकर लावून सगळं घर हात जोडून उभं केलं होतं. मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती, कारण हे निस्तरा नाहीतर यंत्र घेऊन जा, असं आप्पांनी शांतपणे सांगितलं होतं.

मी आरती काढली आणि मुनिमांच्या आवाजात रोजच्या रोज भाव भरायची सोय केली. सोयाबीन, तूर, हरभरा. लोक भाव ऐकत आणि फोन ठेवून देत. लाइनी मोकळ्या झाल्या. शेजारचे आडते चौकशी करून गेले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आठवड्याच्या आत आप्पांनी बोलावून घेतलं. गादीवर एकटेच बसले होते.

"ताई, समदे जन भाव आयकून फोन ठेवायलेत. कोनाच्या लेकीचं जमलं, कोनाची म्हैस व्याली, कायबी कळंना. मंग म्या हितं कशाला बसलोय?"

लाइनी मोकळ्या राहतात हे बरंच की, असं मी म्हटलं.

"मोकळी लाइन काय चाटायची हाय?"

मला वाईट वाटलं. यंत्र उचलायची मनाची तयारीही केली. पण आप्पांनी ते नेऊ दिलं नाही. फक्त भाव काढायला लावले. मी आरतीचं शेवटचं कडवं तेवढं भरलं; एकदा पुरं झालं की पुढे शांतता.

मी ते तपासत होते तेवढ्यात फोन आला. आप्पांनी पावसापासून सुरुवात केली, मग सुनेचं बाळंतपण, मग बैलाचा पाय. सोयाबीनचा भाव अजून लांबच होता. शेजारची दुसरी लाइन वाजत होती. मुनिमांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाजू द्या.