निमाईबाबूंचा न चुकणारा हात

निमाईबाबूंनी आरशात बघत चांदणी गिरवली आणि त्यांची रेघ एकदाही बाहेर गेली नाही. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी कोलकात्यात एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ही टेस्ट दिसायला पोरखेळ. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी छापलेली असते. कागद आणि हात पुठ्ठ्याच्या आड, समोर आरसा. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. डोळा सांगतो इकडे, हात जातो तिकडे. पहिल्या दिवशी भल्याभल्यांची भंबेरी उडते. माझीही उडाली होती. सरावाने जमतं.

निमाईबाबू बेहालाच्या पुढे एका कारखान्यात स्टोअरकीपर. पाच महिन्यांपूर्वी त्यांना बसची धडक बसली, डोक्याला मार लागला. जुनं सगळं आठवत होतं, नवं काही टिकत नव्हतं. सकाळी दिलेला माल दुपारी पुन्हा द्यायचे. कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर जोगळेकर, नागपूरहून बदलून आलेले, त्यांना हे नाटक वाटत होतं. खरं काय ते आम्ही सांगायचं होतं. खरं असेल तर हलकं काम, खोटं असेल तर नोकरी गेली.

आता चांदणी कशाला, तर स्मरणशक्ती म्हणजे एकच एक पेटी नव्हे. काय घडलं ते एकीकडे राहतं, हाताला लागलेलं वळण दुसरीकडे. पहिलं गेलं तरी दुसरं बहुतेक वेळा शाबूत राहतं. त्यामुळे खरा पेशंट रोज म्हणतो, "हे मी पहिल्यांदाच बघतोय," आणि तरी रोज त्याचा हात सुधारत जातो. सोंग घेणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो बिचारा इमानदारीने रोज तेवढ्याच चुका करतो.

पण पहिल्याच दिवशी एकही चूक नाही? हे कुठल्याच हिशेबात बसेना.

"तुम्ही हे आधी केलंय," मी म्हटलं.

"नाही, दिदी."

"घरी आरसा ठेवून सराव केलात? कुणी सांगितलं?"

त्यांची बायको शेफाली शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "घरात आरसा एकच आहे, दाढीचा."

निमाईबाबूंचे डोळे भरून आले. "आठवत नाही म्हणूनच तर आलो ना, दिदी?"

मी मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही.

संध्याकाळी जोगळेकरांचा फोन आला. "काय ताई, नाटकच ना?"

या शहरात मला मराठी मिळते ती घरात, नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमात. ऑफिसच्या फोनवर ती कानावर आली की जीभ सैल सुटते. इंग्रजीत मी 'असेसमेंट चालू आहे' एवढंच म्हणून फोन ठेवला असता. मराठीत म्हणून गेले, "कुठेतरी पाणी मुरतंय खरं."

दुसऱ्या दिवशी निमाईबाबूंना शोकॉज नोटीस मिळाली.

त्यानंतर दोन दिवसांनी जोगळेकरांनी पुरावा म्हणून मला एक फोटो पाठवला. बागबाजारातल्या घराच्या ओट्यावर निमाईबाबू लाकूड कोरत बसलेत. खाली मेसेज: 'नटबोल्ट आठवत नाहीत, नक्षी बरी आठवते!'

मी फोटो मोठा करून पाहिला. मिठाईवाले संदेश, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई, ज्यात दाबतात तो लाकडी साचा होता. लग्नातल्या संदेशवर 'शुभ विवाह' असं उमटतं ना, ती अक्षरं साच्यात उलटी कोरावी लागतात. आणि साच्यासमोर विटेला टेकवून ठेवलेला होता दाढीचा आरसा. त्यात बघत बघत त्यांची पटाशी चालली होती.

मी लगेच शेफालीला फोन लावला.

"लहानपणापासून करतात," ती म्हणाली. "सासरे शिकवून गेले. तो आरसा दाढीपेक्षा साच्यालाच जास्त लागतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"नोकरीत राहून दुसरं काम केलेलं चालत नाही. आणि तुम्ही सराव विचारलात, दिदी. काम कुठे विचारलंत?"

माझ्या फॉर्मवर 'व्यवसाय: स्टोअरकीपर' लिहून मी मोकळी झाले होते.

तरी संशय जाईना. हात आरशाला का सरावला होता, ते कळलं. विसरणं खरं की खोटं, ते अजून बाकीच होतं. मग मी अडगळीतलं जुनं यंत्र काढलं. फिरती तबकडी, तिच्यावर ठिपका, ठिपक्यावर सळईचं टोक टेकवून ठेवायचं. ते किती वेळ टिकलं हे घड्याळ मोजतं. असलं काही त्यांच्या हाताने कधी केलेलं नव्हतं.

पाच दिवस बोलावलं. पहिल्या दिवशी टोक सारखं घसरत होतं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. रोज निमाईबाबू हसून नमस्कार करायचे, आपलं नाव सांगायचे आणि विचारायचे, "हा ग्रामोफोन आहे का, दिदी?" शेफाली खिडकीबाहेर बघत बसायची. पाचव्या दिवशीही त्यांनी ग्रामोफोनचं विचारलं, आणि हात तबकडीबरोबर अलगद फिरत राहिला. विसरणं खरं होतं.

रिपोर्ट गेल्यावर जोगळेकर चिडले. "अहो, पाणी मुरतंय असं तुम्हीच म्हणालात!"

"म्हणाले. ते माझ्याच डोक्यात मुरत होतं. नोटीस मागे घेतल्याचं लेखी पाठवा."

नोटीस मागे घेतली गेली. निमाईबाबूंना कारखान्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये घेतलं. तिथे कालचं आठवावं लागत नाही.

शेवटच्या भेटीत मी त्यांना म्हटलं, "निमाईबाबू, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं ठरवलं होतं."

ते गोंधळले. "कधी, दिदी? आपण तर आजच भेटतोय."

शेफाली उठली. त्यांची पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "त्यांना आठवत नाही. मला आठवतं."

माझ्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न असतो: घरी हातांनी काय काम करता? आणि जोगळेकरांशी मी इंग्रजीतच बोलते.