चोथा गाळायचा की ठेवायचा

घशाचं रेडिएशन संपलं तरी बाबांच्या तोंडाला चव आली नाही. काहीही दिलं की ‘माती लागते’ म्हणून वाटी सरकवायचे. वजन उतरतच होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत तोंडावाटे पुरेसं जाऊ लागलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या पाठमोऱ्या माणसाची मला भीतीच वाटली.

डब्यातली तयार प्रोटीन पावडर तर व्हॅनिलाच्या वासानेच नापास झाली होती. ‘घरचं काही द्या, फक्त गुळगुळीत हवं,’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी नागली, म्हणजे नाचणी, काढली. आमची माणसं मूळची पेठ तालुक्यातली, डोंगराकडची. बाबांचं बालपण नागलीवरच निघालेलं.

मी नागली भिजवली ही बातमी नागलीला मोड येण्याआधी सगळीकडे पोहोचली. भिजवलेलं पाणी फेकलंस का? मिक्सरमध्ये सत्त्व जळतं म्हणतात, खरं का? गूळ घालशील की खडीसाखर? आणि सगळ्यांत मोठा वाद चोथ्याचा. गावाहून आत्याचा फोन आला, ‘चोथा टाकू नको गं बाई, समदा कस त्याच्यातच हाय.’ शेजारच्या वहिनी आहाराचा ऑनलाइन क्लास करतात. त्यांनी दारातूनच बजावलं, ‘गाळलंत तर फायबर गेलं, मग उरलं काय?’ एक ना धड, भाराभर चिंध्या! गिळायचं कुणाला आहे, हे मात्र एकजणही विचारेना.

तरी मी त्यांचं ऐकलं. थोडा चोथा ठेवूनच पेज शिजवली. बाबांनी पहिला घोट घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि परत भिंतीकडे वळले. मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या सल्लागारांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग पुन्हा नागली भिजवली.

निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेलं ते गाठोडं सोडलं, तेव्हा मी जागीच उभी राहिले. मोहरीएवढा तो दाणा, कोठीत कधीपासून मेल्यासारखा पडलेला. एवढ्याशा पाण्यावर जागा झाला होता. पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत होते. काही सुटेनात, इतके घट्ट धरून बसले होते. माझ्या अंगावर काटा आला. जगायची एवढी हाव, आणि ती माझ्या ओंजळीत!

या वेळी वाटून दोनदा गाळलं. मलमलीतून राखाडी-गुलाबी दूध उतरलं. चोथा मी माझ्या थालीपिठात मळला, म्हणजे आत्याचाही जीव शांत. दूध मंद आचेवर ठेवलं आणि हात न थांबवता ढवळत राहिले, कारण एक गुठळी म्हणजे पुन्हा ठसका. बराच वेळ नुसतं पाणीच वाटत होतं. मग अचानक ढवळता डाव हाताला जड लागला, रंग गडद झाला आणि पेजेवर तकाकी आली. इतक्या वर्षांच्या स्वयंपाकात मी असं भान हरपून पातेल्यात कधी पाहिलं नव्हतं.

कोमट वाटी घेऊन बाबांजवळ गेले. ते उठून बसले, ते माझ्या हट्टापायी. एक चमचा गेला. ठसका नाही. दुसरा गेला. तिसरा त्यांनी तोंडातच धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

‘मीठ नाय टाकलं का गं?’

नव्हतं टाकलं. गडबडीत विसरलेच होते. माती लागते म्हणणाऱ्या जिभेला मीठ नसल्याचं कळलं होतं! मला हसू की रडू कळेना. मिठाचा डबा आणला आणि उघडून त्यांच्यापुढे धरला.

‘तुम्हीच टाका,’ म्हटलं.

बाबांनी मीठ घातलं, चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या हाताने खाऊ लागले.