म्हातारा झालेला खेळाडू दाखवा

लग्नाचं विचारायला मी वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी सेफ्टी डोअर अर्धंच उघडलं. मी आडवा होऊन, पोट आत घेऊन कसाबसा शिरलो. मी पूर्ण आत आल्यावर त्यांनी विचारलं, "अजून उघडू का?"

त्यांची मुलगी हडपसरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला होती. तिच्या कंपनीनं एकदा टीम बिल्डिंगच्या नावाखाली सगळ्यांना आमच्या मैदानावर आणलं होतं. आम्ही खेळाडूंनी त्यांना रग्बी शिकवायची, असं ठरलेलं. तिनं मला टॅकल केलं, म्हणजे धावत येऊन कमरेला मिठी मारून पाडलं. मी सौजन्य म्हणून पडलो. ती हे आजही मान्य करत नाही. पुढं वर्षभर आम्ही भेटत राहिलो आणि आमचं आमच्यात ठरलं. राहिले होते फक्त वडील.

मी सोफ्यावर बसलो. सोफ्यानं आवाज केला. तिच्या आईनं पोह्यांची बशी पुढं केली आणि सोफ्याकडं काळजीनं पाहिलं.

"आपण नक्की काय करता?" वडिलांनी विचारलं.

"रग्बी खेळतो."

"ते कळलं. नोकरी काय करता?"

"हीच नोकरी आहे काका. संघाशी करार आहे. पगार मिळतो."

"कशाचा?"

"मी प्रॉप आहे. पहिल्या फळीत असतो. दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना ढकलतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात पुढं राहून ढकलायचं आणि फळी पडू द्यायची नाही, हे माझं काम."

"प्रॉप म्हणजे टेकू," ते म्हणाले. शब्दकोशात बघून ठेवलं असावं. "घराला लावतात तो."

"हो."

"घर पडायला आलं की लावतात तो."

मी पोहे खाल्ले. ते काही वेळ माझं खाणं बघत राहिले आणि मग मुद्द्यावर आले.

"आणि हे ढकलणं संपल्यावर काय?"

"म्हणजे मॅच संपल्यावर?"

"म्हणजे गुडघे संपल्यावर."

मी नकळत गुडघ्यांवर हात ठेवले. ते म्हणाले, "मी सगळी नोकरी सरकारी खात्यात केली. तिथं रुजू झालं की पहिल्याच दिवशी समोर बसलेला म्हातारा दिसायचा. आपला पुढं हाच होणार, हे कळायचं. जाड चष्मा, मोठं टेबल, शेवटी नारळ आणि शाल. माणसाला एक दिशा असायची. तुमच्यात असा एक दाखवा. म्हातारा झालेला रग्बी खेळाडू. मी त्याला बघतो, मग तुमचं बघू."

अट वाजवी होती. अडचण एवढीच, की व्यावसायिक रग्बी आपल्याकडं इतकी नवी, की त्यातून म्हातारं व्हायला कुणाला वेळच मिळाला नव्हता.

मुळात आमच्या संघात ठरवून आलेलं कुणीच नव्हतं. आमचा सगळ्यात वेगवान गडी खो-खोतून आला होता आणि सुरुवातीला बॉल हातात मिळाला की सवयीनं खाली बसायचा. एकजण परीक्षा द्यायला पुण्यात आला होता, खोलीवरच्या मित्रासोबत सहज मैदानावर आला, मित्र गावाला परत गेला आणि हा राहिला. मी स्वतः हडपसरच्या तालमीतला. कुस्तीत मला कुणाला चीतपट करता येत नसे, पण मलाही कुणी पाडू शकत नसे. माझ्या कुस्त्या इतक्या लांबायच्या, की लोक चहा पिऊन यायचे. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाले, "तुला एक खेळ आहे." रग्बीची लीग निघाली आणि पुण्याचा संघ झाला, तेव्हा मी त्यात लागलो. आमचे आबा गावात सांगायचे, "पोरगं ढकलायच्या नोकरीला हाय. कंपनी चांगली हाय म्हनं."

म्हातारा शोधायचा तर पहिल्या हंगामानंतर सोडून गेलेल्यांतच शोधायला हवा होता. दोघं सापडले. दोघंही पस्तिशीच्या पुढचे, आणि माझ्या दृष्टीनं पुरेसे जीर्ण.

रविवारी सकाळी काका माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. हेल्मेट स्वतःचं, पाण्याची बाटली स्वतःची, छत्रीही घेतली होती. "आपल्यामागं बसलं की वारा लागत नाही," एवढंच कौतुक त्यांनी वाघोलीपर्यंत केलं.

वाघोलीला आमचा एक माजी गडी एका बिल्डरकडं फ्लॅट विकायचा. तो प्रचंड उंच. मैदानाबाहेर गेलेला बॉल आत फेकतात, तेव्हा एका उंच माणसाला दोघं मांड्यांना धरून वर उचलतात आणि तो हवेत बॉल पकडतो. तो उंच माणूस हा, आणि त्याला उचलणाऱ्यांतला एक मी. आता तो टाय लावून सँपल फ्लॅटच्या दारात वाकून उभा होता, कारण दार त्याच्या मापाचं नव्हतं.

"या काका," तो म्हणाला. "टू बीएचके बघणार की थ्री?"

"मी तुम्हाला बघायला आलोय," काका म्हणाले.

त्याला ते कळलं नाही. साहेबांनी पाठ करून घेतलेलं सगळं त्यानं म्हणून दाखवलं. क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक, भरपूर उजेड. काका बाथरूममध्ये शिरले, बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर ओतलं आणि ते कुठं जातं ते पाहत उभे राहिले. पाणी हॉलकडं निघालं.

"उतार उलटा आहे," काका म्हणाले.

"हो काका," हा खाली मान घालून म्हणाला. "मी साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, तू वरचं बघ, खालचं बघू नकोस."

"आणि बाल्कनीतून डोंगर दिसतो, असं बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय."

"मला दिसतो."

काकांनी बाल्कनीत जाऊन टाचा उंचावल्या. समोर दुसरी इमारत होती. मग या गड्यानं जे केलं ते निव्वळ सवयीनं केलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यानं मला खूण केली. मीही सवयीनं वाकलो. आम्ही दोघांनी काकांना मांड्यांना धरलं आणि सरळ वर उचललं. ते छतापाशी पोचले. छत्री खाली पडली.

वर काकांनी चष्मा सावरला. मग काका म्हणाले, "दिसतो. छोटासा आहे."

आम्ही त्यांना हळूच खाली ठेवलं. त्यांनी शर्ट खोचला, छत्री उचलली आणि जिना उतरायला लागले. मला वाटलं, लग्न वाघोलीतच मोडलं. गाडीपाशी आल्यावर ते म्हणाले, "विकतो आणि वर खरंही बोलतो. हा त्या धंद्यात टिकायचा नाही. दुसरा कुठं असतो?"

दुसरा हडपसरच्या भाजी बाजारात होता. संघात तो सगळ्यात बुटका आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा. आम्ही आठ आडदांड माणसं पुढं ढकलत असायचो आणि हा मागून आम्हाला शिव्या घालत दिशा द्यायचा. आता तो मामाच्या घाऊक गाळ्यावर माल भरून घेण्याचं काम बघायचा. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पोत कोबी भरणं चाललं होतं. हमालांची रांग होती, पण काहीतरी चमत्कारिक दिसत होतं. सगळ्यांची पाठ टेम्पोकडं होती. प्रत्येकजण कोबी झेलायचा आणि मान वळवून मागच्याकडं टाकायचा.

"हे उलटे का उभे आहेत?" काकांनी विचारलं.

"पुढं टाकलेलं चालत नाही काका," बुटका म्हणाला. "रग्बीत पास मागंच द्यायचा असतो. मी सगळ्यांना तसंच शिकवलंय."

"पण हा कोबी आहे."

"सवय मोडली तर माझाच हात बिघडंल."

"आता हात बिघडून काय होणार आहे? तुम्ही तर खेळणं सोडलंत."

त्याला हे कधी सुचलं नसावं. तो विचार करत उभा राहिला आणि तेवढ्यात रांगेतला एक कोबी चुकून काकांकडं आला. काकांनी झेलला. झेलला म्हणजे छातीवर आदळला, हातातून निसटला आणि पुढं जाऊन पडला.

"नॉक-ऑन," रांगेतले सगळे हमाल एका सुरात म्हणाले. बॉल हातून पुढं पडला की रग्बीत असंच म्हणतात. काकांनी कोबी उचलला, झटकला, मान वळवली आणि मागच्या हमालाला दिला. मग आणखी एक आला. तोही दिला. छत्री त्यांनी माझ्याकडं दिली होती.

टेम्पो भरला. पण निघेना, कारण पुढं बाजारातला वळू आडवा उभा होता. तो कुणाच्या मालकीचा नव्हता आणि सगळेच त्याला खायला घालायचे, त्यामुळं त्याचं वजन आमच्या अख्ख्या पहिल्या फळीएवढं असावं. हाकललं तर तो फक्त कान हलवायचा.

बुटक्यानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे चमकले. "लागतोस का?"

नको म्हणायला हवं होतं. होणारे सासरे शेजारी उभे होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. पण त्यानं आवाज दिला की मी वाकतो, हे माझ्या मणक्यातच बसलंय. दोन हमाल माझ्या दोन्ही बाजूंना आले, आम्ही एकमेकांच्या खांद्यात हात अडकवले आणि वळूच्या कुशीला खांदे लावले. बुटका मागून ओरडला, "वाका. धरा. ढकला."

वळूला वाटलं, कुणीतरी पाठ खाजवतंय. त्याला ते आवडलं. त्यानं डोळे अर्धे मिटले आणि सगळा भार आमच्यावर टाकला. मी बारा गावच्या पैलवानांशी झुंजलोय, पण मला असं प्रेमानं कुणी दाबलं नव्हतं. माझे बूट मागं घसरायला लागले. आणि तेवढ्यात माझ्या पाठीत दोन हडकुळे हात रुतले. मागून काका दम लावत होते.

"डावीकडचे ढिले आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "डावीकडचे, जोर लावा. पगार कशाचा घेता?"

आम्ही जोर लावला. वळू तसूभर हलला नाही. काकांचा चष्मा कोबीच्या पाल्यात पडला. शेवटी टेम्पोवाल्यानं गाडी थोडी मागं घेतली, बाजूनं काढली आणि निघून गेला.

काकांनी चष्मा पुसत बुटक्याला विचारलं, "हे आधी नसतं का करता आलं?"

"आलं असतं. कुणी म्हटलं नाही."

बाजाराबाहेर एका टपरीवर आम्ही चहा घेतला. काकांच्या शर्टावर वळूचे केस होते आणि कोपराला खरचटलं होतं. मी म्हटलं, "काका, खरं सांगतो. अजून म्हातारा झालेला कुणी आमच्याकडं नाही. हे दोघंच होते. माझंही पुढं काय होईल, मला माहीत नाही."

"मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली," ते कपाकडं बघत म्हणाले. "नारळ मिळाला, शाल मिळाली. दिशा पण होती. तिथं पोचल्यावर काय करायचं, ते त्या समोरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी पेपर वाचतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या दाबाविषयी फोन करतो. तोही आता उचलत नाही." त्यांनी चहा संपवला. "तो बुटका रोज असतो का इथं?"

"रोज पहाटेपासून."

"हं. चल, निघू या. घरी वाट बघत असतील."

'चल' म्हणाले, हे माझ्या लक्षात हडपसरचा पूल ओलांडल्यावर आलं. सकाळपासून आपण आणि तुम्ही चाललं होतं.

घरी तिची आई दारातच होती. शर्टाकडं बघून तिनं विचारलं, "हे काय? पडलात कुठं?"

"पडलो नाही," काका म्हणाले. "हाच तर खेळ आहे."

"आणि मुलाचं काय?"

"जोर आहे. अक्कल बेताची आहे. आपली मुलगी पुरून उरेल." मग बायकोकडं आयोडीन मागून ते आत गेले. त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघून नुसती भुवई उडवली.

लग्नाच्या आधी एका शनिवारी काका आमची मॅच बघायला आले. पहिलीच वेळ. सोबत त्यांच्या सोसायटीतले तीन निवृत्त मित्र, थर्मास आणि बसायला वर्तमानपत्रं. आम्ही वाईट हरलो. पहिल्या अर्ध्या तासातच माझा कान फाटला आणि आमचा खो-खोवाला ऐन मोक्याला बॉल घेऊन खाली बसला. स्टँडमधून चार म्हाताऱ्यांचा शांत, स्वच्छ आवाज मैदानभर येत होता. "रेफ्री, आपण झोपायला घरी जात जा." "अहो सात नंबर, बॉल आपला आहे, उबवायचा नाही." प्रशिक्षक मला म्हणाले, ही माणसं कोण आहेत? मी ओळख दाखवली नाही.

मॅचनंतर मी कानाला पट्टी बांधून बाहेर आलो. काका गाडीपाशी उभे होते. मित्रांना म्हणाले, "हा आमचा जावई. पहिल्या फळीत असतो." मग मला जरा बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, की सरावाला बाहेरच्या माणसांना बसू देतात का, आणि देत असतील तर सावली कुठल्या बाजूला असते.