चिखलीचं स्थळ आणि लोकरीच्या लडी

शहाणपणाचं अजीर्ण कसं होतं, ते मला विचारा. चिखलीत झालं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून मी नागपूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकत होतो. सुट्टीत आईनं मुलगी पाहायला चिखलीला नेलं. इंदूनं चहा ठेवून एकदा वर पाहिलं आणि मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळा झालो. तेव्हाच गप्प बसायचं की नाही?

पण तिचे वडील सहज म्हणाले, "मले लाल-हिरवं वेगळं दिसत नाही बापा. माह्या आईच्या बापालेही दिसे नाही."

झालं! मी वही काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दोष असेल तो काळा. "हा दोष आईकडून मुलात उतरतो," मी मास्तरकीच्या थाटात सांगितलं. "मुलीत यायला मात्र बापात असावा लागतो आणि आईकडूनही यावा लागतो."

"काऊन रे," आई कुजबुजली, "सोयरीक कराले आला का खानेसुमारी?"

ऐकतो कोण? पिशवीत कॉलेजातल्या, रंगदोष तपासायच्या लोकरीच्या लडी होत्या. इंदूला म्हटलं, लाल एकीकडे लावा, हिरव्या एकीकडे. तिनं झरझर लावल्या. पाहतो तर दोन्ही ढिगांत एकच रंग! जीव तुटला हो माझा, पण शास्त्र ते शास्त्र. तिचा गोल काळा केला.

"बरोबर तं लावलं पोरीनं," तिची आई म्हणाली.

"म्हणजे दोष तुमच्यातही आहे." तिचाही गोल काळा.

"मलेही बरोबरच दिसते," माझी आई म्हणाली. मी सख्ख्या आईलाही सोडलं नाही.

शेवटी माझ्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला. इंदूचे वडील. लडी डोळ्यांजवळ नेऊन ते म्हणाले, "पाव्हणे खरं सांगून राह्यले. मलेही दोन्हीकडे सारखंच दिसते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इंदूनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, माझा चौकोन काढला आणि नीट काळा केला.

तरी लोचटासारखा म्हणालो, "असू द्या. मला तुम्ही पसंत आहात."

"बाबांचा दोष माह्याकडून उतरन, तुमचा तुमच्याकडून," ती म्हणाली. "तुमीच सांगतलं ना आत्ता? मंग आपल्या पोरीचं कसं व्हावं?"

पत्रिका न जुळल्यानं पुष्कळांची लग्नं मोडतात. स्वतःच शिकवणी घेऊन शास्त्रोक्त नकार मिळवणारा वऱ्हाडातला मी पहिलाच.